उशिरा येणारा ठोका

एन्काइ गुरुजींनी झाडू भिंतीला टेकवला आणि देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईकडे बघत ते उभे राहिले. बाई म्हाताऱ्या होत्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवून मगच पुढची चढत होत्या. पाठीला पिशवी, बगलेत एक चपटं चौकोनी पाकीट आणि पोटाशी, दोन्ही हातांनी धरलेली, पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी. ती पेटी कसली हे कळायला गुरुजींना चष्मा लागला नाही. उभ्या जन्मात त्यांनी असल्या अस्थींच्या पेट्याच तर हाताळल्या होत्या.

"फोनवर सांगितलं होतं ना मी," ते वरूनच म्हणाले. "इथे आणू नका म्हणून."

"सांगितलं होतंत." बाई धापा टाकत होत्या. "पण फोनवर पाणी मागता येत नाही. देता का थोडं?"

आता पाण्याला कोण नाही म्हणणार? गुरुजी आत जाऊन चहा घेऊन आले. या भागात पाणी म्हणजे चहाच. देवळाखालचा सगळा डोंगर चहाचा. पूर्वी मळ्यात चहाला फूल दिसलं की मालकाच्या नावाने लोक हसायचे, छाटायचा आळस केला म्हणून. आता छाटणारेच ओसाकाला निघून गेलेत, झाडं डोक्याच्या वर वाढलीत आणि दर शरदात सगळा डोंगर पांढऱ्या फुलांनी भरतो. हसायलाही कोणी नाही.

बाईंचं नाव किनुए मुरोता. तोक्योत त्यांची कपडे धुण्याची लॉन्ड्री होती. तरुणपणी त्या सॅक्सोफोन वाजवत. गुरुजींचा धाकटा भाऊ तात्सुओ याच्याशी नातं काय असं कोणी विचारलं तर त्या ‘एका बँडमधले’ एवढंच सांगत. दवाखान्यात तेच सांगितलं, दहन झालं तिथेही तेच. त्यांनी पेटी ओट्यावरच्या उशीवर ठेवली, तिची गाठ नीट केली आणि मग पेल्याला हात लावला.

"हाडं वेचायला कोण होतं?" गुरुजींनी विचारलं. सवयीचा प्रश्न होता. विचारल्यावर त्यांना वाटलं, नसता विचारला तर बरं झालं असतं.

"मी."

"आणि?"

"आणि भट्टीवरचा माणूस. एकेक हाड दोघांनी मिळून उचलायचं असतं ना, एकटीने कसं उचलणार? तो म्हणाला, बाई, मी येतो समोर. भला होता बिचारा."

गुरुजींनी आपला पेला खाली ठेवला. परक्या माणसाने आपल्या भावाचं हाड काड्यांनी धरलेलं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि जाईना.

"आज एकोणपन्नासावा दिवस," किनुएबाई म्हणाल्या. "आज मातीखाली जायचा त्याचा दिवस. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"मी शब्द दिलाय. वडिलांना."

ही गोष्ट जुनी होती, पण गावात कोणी विसरलं नव्हतं. देवळात एक लहानसा लाकडी मासा होता. पोकळ, तोंड उघडं, जपाचा ठोका धरायचा. मोठा मासा वडिलांचा आणि हा लहान मुलांचा. रोज पहाटे एन्काइने ‘नामु अमिदा बुत्सु’ हा अमिदा बुद्धाच्या नामाचा जप म्हणायचा आणि तात्सुओने ठोका धरायचा. एन्काइला तेव्हा दमा होता, थंडीत छाती भात्यासारखी वाजायची, पण थोरला मुलगा पुढे देऊळ चालवणार म्हणून जप त्याच्याच वाट्याला. मग मोठेपणी एके दिवशी तात्सुओ तोक्योला गेला आणि मासाही गेला. चोरी वडिलांनी गिळली असती. पण काही वर्षांनी न्हाव्याकडे पडलेल्या एका साप्ताहिकात त्यांनी वाचलं की, तोक्योतल्या कुठल्याशा तळघरात केस वाढवलेली पोरं गिटारी किंचाळवत बसतात, जमिनीवर माणसं झिंगून पडलेली असतात आणि मधोमध एका देवळाच्या गुरुजींचा मुलगा लाकडी मासा बडवतो. वडील न्हाव्याकडून अर्धी दाढी करूनच घरी आले. मरताना त्यांनी गावकऱ्यांच्या देखत एन्काइकडून शब्द घेतला: ज्याने नामाची थट्टा केली तो आपल्या घराण्याच्या समाधीच्या दगडाखाली येणार नाही.

त्यांच्या अंत्यविधीला तात्सुओ आला होता. खांद्यापर्यंत केस. एन्काइ दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "आधी केस कापून ये." तात्सुओने वाकून नमस्कार केला आणि तो डोंगर उतरून गेला. न्हाव्याकडेच गेला असेल असं एन्काइला वाटलं. त्या दिवशी त्याची वाट बघत आपण विधी मुद्दाम लांबवत होतो, हे गुरुजींनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"आमच्या बँडची ती रेकॉर्ड तुम्ही ऐकलीत का कधी?" किनुएबाईंनी विचारलं.

"नाही."

"वडिलांनी?"

"छे."

"म्हणजे कोणी ऐकलीच नाही, आणि थट्टा केली म्हणून माणूस घराबाहेर! वा रे वा!" बाई पहिल्यांदा चिडल्या. मग बगलेतलं पाकीट त्यांनी गुरुजींसमोर ठेवलं. "ही घ्या. ऐका. ऐकून थट्टा वाटली तर तसं सांगा, मी याला उचलते आणि गपचूप जाते. पालिकेचा सामायिक खड्डा आहे, बेवारशांचा. तिथे ठेवीन. परत फोन करणार नाही."

"माझ्याकडे यंत्र नाही रेकॉर्डचं."

हे म्हणताना गुरुजींनी नजर फिरवली. बाईंनी ते बघितलं आणि पाकीट आणखी पुढे सरकवलं. तशा त्या बसून राहिल्यावर गुरुजींना खोटं पेलवेना.

"बालवाडीत आहे एक," ते पुटपुटले. "चालतं का बघावं लागेल."

देवळाची बालवाडी अंगणापलीकडे होती. गावात मूलच उरलं नाही तेव्हा ती बंद झाली, पण गुरुजी महिन्यातून एकदा उघडून झाडायचे. भिंतीवर कागदी मासोळ्या चिकटवलेल्या, प्रत्येकीवर एका मुलाचं नाव. ती मुलं आता ओसाकात कुठे कुठे नोकरी करतात आणि आईबाप गेल्यावर विधीपुरती येतात. यंत्रावर अजून मुलांच्या कवायतीची तबकडी होती. गुरुजींनी ती काढली, फुंकर मारली, तार जोडली. बसायला मुलांच्याच खुर्च्या. दोन म्हातारी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली. तिसऱ्या खुर्चीवर किनुएबाईंनी पेटी ठेवली. तात्सुओ याच खोलीत अक्षरं गिरवायला शिकला होता.

पाकिटावर फोटो होता: कोटांच्या गोदामाखालचं तळघर, टांगलेल्या ओव्हरकोटांच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये उभी काही मुलं. एकाचं तोंड केसांनी झाकलेलं, मांडीवर लाकडी मासा.

"‘सातवं तळघर’ असं नाव दिलं होतं आम्ही," किनुएबाई म्हणाल्या. "तळघर एकच होतं. सातवं म्हटलं की भारी वाटायचं. फार थोड्या विकल्या गेल्या. उरलेल्या पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं त्यात भिजून गेल्या. एका मासिकात चार ओळी आल्या होत्या आमच्याबद्दल. माहितीये काय लिहिलं होतं? ‘तालवाला प्रत्येक ठोक्याला उशिरा येतो, त्याला कोणीतरी घड्याळ घेऊन द्यावं.’ झालं! तेव्हापासून आम्ही त्याला उशिऱ्याच म्हणायचो. ए उशिऱ्या, चहा पिणार का, की उद्या पिशील?"

त्या हसल्या. गुरुजी हसले नाहीत. भावाला कोणी टोपणनावाने हाक मारायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

पहिली बाजू सुरू झाली आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. गिटार किंचाळत होती, सॅक्सोफोन तिच्या अंगावर धावून जात होता, मागे ढोल, थाळ्या, घंटा, पत्र्याचे डबे. आणि या सगळ्यात कुठेतरी लाकडाचा ठक ठक आवाज, ज्याचा कोणाशी मेळ नव्हता. गुरुजी दगडासारखे बसून होते. किनुएबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांचा धीर हळूहळू सुटत चालला होता. लोकांचे चेहरे असेच होतात ही रेकॉर्ड ऐकताना, हे त्यांना पाठ होतं.

तेवढ्यात दार सरकलं.

"अगंबाई! तारेत रानडुक्कर अडकलं की काय म्हणून धावत आले मी!"

खालच्या घरातली शिगे म्हातारी. गुरुजींहूनही वयाने मोठी, कमरेत वाकलेली, हातात लोणच्याच्या मुळ्यांचा डबा. गावात उरलेल्या चार-दोन घरांपैकी एक तिचं आणि रोज एकदा तरी ती वर यायचीच. कोणी तरी कोणाशी बोलायला हवं ना. अजूनही ती एन्काइंना ‘धाकटे गुरुजी’ म्हणायची. थोरले म्हणजे त्यांचे वडील.

"हे काय चाललंय, धाकटे गुरुजी? आणि या कोण?" मग तिला पेटी दिसली. "अरे देवा. कोण गेलं?"

"तात्सुओ."

शिगेने डब्यासकट पेटीपुढे मान वाकवली. मग डबा खाली ठेवत म्हणाली, "आमचा मासा घेऊन पळालेला तो?"

मासा तिच्या सासऱ्याने देवळाला दिला होता, तेव्हा ‘आमचा’ म्हणायचा तिचा हक्कच होता. किनुएबाईंनी पिशवीत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्यापुढे धरलं. मुठीएवढा लाकडी मासा. हाताळून हाताळून काळा, गुळगुळीत झालेला.

"हा परत द्यायला सांगितलं होतं त्याने," त्या म्हणाल्या. "शाळेची बस चालवायचा तो पुढे. शेवटपर्यंत. सगळं विकलं, हा नाही विकला."

शिगेने मासा उलटापालटा करून पाहिला. "कोपरा उडवलाय मेल्याने," ती म्हणाली, पण हातातून सोडला नाही. मग गुरुजींकडे वळली. "आणि पेटी इथे कशाला? तुम्ही शब्द दिलाय. मी होते तिथे. या डोळ्यांनी पाहिलं, या कानांनी ऐकलं."

"अजून काही ठरलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "बसा. दुसरी बाजू राहिलीय."

किनुएबाईंनी तबकडी उलटली.

दुसऱ्या बाजूला सुरुवातीला तोच गोंधळ. मग एकेक वाद्य गळत गेलं. आधी थाळ्या थांबल्या, मग गिटार एका सुरावर लोंबकळत राहिली आणि विरली. सॅक्सोफोन धाप लागल्यासारखा दोनदा फुत्कारला आणि गप्प झाला. उरला फक्त लाकडाचा ठोका. ठक. ठक. ठक. बाकी काही नाही. तळघरातल्या पाइपातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

"हे किती वेळ चालणार?" शिगेने विचारलं.

"शेवटपर्यंत," किनुएबाई ओशाळून म्हणाल्या. "आम्ही त्याला म्हणालो होतो, अरे यात काही घाल, नुसतं रिकामं वाटतंय. ऐकेचना. म्हणाला, रिकामं नाहीये."

गुरुजी पुढे वाकले होते. त्यांचा अंगठा मांडीवर हलत होता, आणि ठोका पडायचा तेव्हा नाही, ठोक्याच्या आधी. ओठही हलायला लागले. शिगेने ते पाहिलं आणि माशावरून फिरणारी तिची बोटं थांबली.

"उशिरा नाही येत तो," गुरुजी म्हणाले.

"काय?"

"उशिरा नाही येत. मध्ये येतो." त्यांचा आवाज बदलला होता. "तुमच्या घरचा पंथ कोणता, मुरोता-सान?"

"झेन. म्हणजे, वडिलांचा."

"हां. तुमच्याकडे अक्षरावर ठोका पडतो. आमच्याकडे तसा धरत नाहीत. आमच्याकडे दोन अक्षरांच्या मधोमध. ना, ठक. मु, ठक. अक्षर म्हणणाऱ्याचं. मधली जागा ठोकणाऱ्याची. बोलता यायला लागल्यापासून हेच शिकवतात आम्हाला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं."

किनुएबाई यंत्राकडे बघत राहिल्या. त्यांनी ही रेकॉर्ड किती वेळा ऐकली होती त्याला गणतीच नव्हती. ऐन विशीत तर या उशिरावरूनच त्या त्याच्याशी भांडल्या होत्या, हात धरून ताल शिकवायलाही बसल्या होत्या आणि तो हसत हसत शिकून पुन्हा तसाच वाजवायचा.

"पण मग म्हणणारा कुठाय?" त्यांनी विचारलं. "इथे तर कोणीच म्हणत नाहीये."

गुरुजींनी बोट वर करून त्यांना थांबवलं. कारण तेवढ्यात ठोका थांबला.

खोलीत नुसती सुईची खरखर. आत कुठेतरी पाणी ठिबकलं. मग पुन्हा ठक, ठक, जसं काही झालंच नाही.

"हे बघा, हे!" किनुएबाई म्हणाल्या. "दर थोड्या वेळाने असाच थांबतो. रेकॉर्डिंगवाला वैतागला होता, म्हणाला तबकडी खराब आहे समजून लोक परत करतील. आम्ही विचारलं, बाबा रे, का थांबतोस? तर म्हणाला, ‘त्याला श्वास तर घेऊ दे.’ कोणाला ते काही सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, चढलीय जरा."

गुरुजींचा हात छातीवर गेला होता. दमा केव्हाच बरा झालेला, मोठा होता होता गेला. पण त्या थंड पहाटा, छातीतली ती शिट्टी, मागे बसलेले वडील आणि शेजारी तात्सुओ, मासा मांडीवर घेऊन, दादाचा चेहरा निरखत. कितव्या नामाला दादाचा श्वास संपतो हे त्याला बरोबर ठाऊक असायचं आणि तो ठोका रोखून धरायचा. वडिलांच्या शिव्या खायचा, ताल चुकतो म्हणून. तरी धरायचाच.

ठोका पुन्हा थांबला. बरोबर तेवढाच वेळ. लहान मुलाच्या एका श्वासाएवढा.

"मी त्याला केस कापायला पाठवलं," गुरुजी म्हणाले. कोणाला उद्देशून, कळलं नाही. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मग ते उठले. त्या इवल्याशा खुर्चीतून उठायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. सुई उचलून त्यांनी बाजूला ठेवली.

"शिगे-सान, मागच्या वर्षी दिव्यांसाठी आणलेली लांब वायर कुठे ठेवलीय?"

"कपाटावर." शिगे जागची हलली नाही. "आणि शब्दाचं काय?"

"शब्द थट्टेबद्दल होता."

"मग?"

"तुम्हीही ऐकलंत ना आत्ता," गुरुजी म्हणाले. "तुम्हीच सांगा. नवी सून म्हणून पहाटे जपाला येऊन बसायचात. तुम्हाला आठवत असेल."

शिगेने हातातल्या माशाकडे पाहिलं. मग वायर आणायला तीच गेली, पुटपुटत, कपाट कोणी एवढं उंच केलंय म्हणून शिव्या देत.

मुख्य दालनात अमिदा बुद्धापुढे पेटी ठेवली. गुरुजींनी काळी वस्त्रं घातली, वर पिवळा पट्टा. डाव्या बाजूला एक लहान उशी होती, मासा गेल्यापासून रिकामीच, तिच्यावर कधी दुसरं काही ठेवलेलं नव्हतं. शिगेने मासा तिच्यावर ठेवला आणि उडालेला कोपरा मागे जाईल असा फिरवला. यंत्र जमिनीवर, गुरुजींच्या गुडघ्याजवळ. गेली कित्येक वर्षं जपही तेच म्हणत आणि एका हाताने मोठ्या माशावर ठोकाही तेच धरत, दुसरं होतंच कोण? किनुएबाईंनी मोठ्या माशाची लाकडी काठी त्यांच्यापुढे सरकवली. गुरुजींनी ती बाजूला ठेवली.

"दुसरी बाजू लावा," ते म्हणाले. "गिटार संपते तिथून."

बाईंनी डोळे बारीक करून रेघ शोधली आणि सुई टेकवली.

ठक.

"ना," गुरुजींनी सुरू केलं. ठक. "मु." ठक. "अ." ठक. "मि." ठक.

अक्षर आणि ठोका एकमेकांच्या मधून चालायला लागले. इतक्या वर्षांत एकदाही एकत्र न बसलेले दोघे, पण कुठे अडखळलं नाही. नाम पूर्ण झालं की पुन्हा पहिल्यापासून. गुरुजींचा आवाज म्हातारा होता, चिरका, तरी चालला. आणि मग ते ठिकाण आलं. ठोका थांबला.

गुरुजींनी श्वास घेतला. आज त्यांना त्याची गरज नव्हती, छाती साफ होती, तरी घेतला. आणि तो श्वास आत जाऊन अडकला. पुढचं अक्षर येईना. ठोका थांबला होता तो एका लहान मुलापुरता. सत्तरी पार केलेल्या माणसाला लागतो तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. तो सुरू झाला. ठक. ठक. ठक. पुन्हा एकटाच, तळघरात वाजला होता तसा.

गुरुजींचे खांदे हलत होते. किनुएबाईंना उठून यंत्र बंद करावंसं वाटलं.

"ना," मागून आवाज आला. शिगे म्हातारी. घसा फाटलेला, डोळे मिटलेले. ठक. "मु." ठक. एकाही ठोक्याला न चुकता तिने नाम उचललं. मग किनुएबाईही म्हणायला लागल्या. त्यांचं प्रत्येक अक्षर नेमकं ठोक्यावर पडत होतं, या देवळात जिथे पडायला नको तिथे. कोणी त्यांना अडवलं नाही.

बाहेर मळ्यात कोणी नव्हतं. दालनात तीन माणसं, एक पेटी आणि न वाजता वाजणारा मासा.

ठोका पुन्हा थांबला. या वेळी गुरुजींनी डोळे पुसले, छाती भरून श्वास घेतला आणि पहिलं अक्षर म्हटलं. ठोका त्याच्या मागोमाग आला, अगदी वेळेवर.